समुद्र किती टक्के?

हैदराबादच्या निजामाकडे काय नव्हतं? स्वतःच्या नोटा होत्या, टपालाची स्वतःची तिकिटं होती, रेल्वे होती, आणि मेजावरचे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला हिरा होता. नव्हता तो फक्त समुद्र. मछलीपट्टणचं बंदर अठराव्या शतकातच इंग्रजांच्या हाती गेलं. १७६६ च्या तहात उत्तर सरकारची किनारपट्टी गेली, १७८८ मध्ये गुंटूरही सुटलं. राज्य उरलं ते चारही बाजूंनी जमिनीत रुतलेलं. १९४७ मध्ये इंग्रज निघाले तेव्हा सातव्या निजामाला पुन्हा समुद्राची आठवण झाली आणि त्यांनी मुरगावच्या बंदरासाठी पोर्तुगिजांकडे माणूस धाडला. बोलणी नुसतीच चालली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली, १७ तारखेला सगळंच आटोपलं आणि बंदराचा कागद दप्तरात राहिला.

त्या राज्याच्या पश्चिम कडेला आमचा जिल्हा. अगदी परवापरवापर्यंत त्याला निजामाचंच नाव होतं, आता धाराशिव झालं. पण समुद्र न मिळण्याचा निजामी वारसा आम्ही इमानदारीनं चालवला. आमच्याकडचा माणूस समुद्र बघतो तो सिनेमात, नाहीतर पोरगं मुंबईला नोकरीला लागल्यावर. माझ्या आजीनं तर आयुष्यभर समुद्र पाहिला तो सत्यनारायणाच्या पोथीत, साधुवाण्याची नौका बुडते तेवढ्यापुरता.

निजामाला जे जमलं नाही ते पाटबंधारे खात्यानं १९८९ साली करून दाखवलं. लोहारा तालुक्यातल्या आमच्या माकणीला किनारा दिला. तेरणा नदीवर पावणेतीन किलोमीटर लांबीची मातीची पाळू घातली, चौदा दरवाजे बसवले, आणि ज्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी उभी राहिली तिथं लाटा आल्या. कागदोपत्री त्याचं नाव निम्न तेरणा प्रकल्प. आम्ही माकणीचं धरण म्हणतो, आणि औसा-निलंग्याकडे नळ सोडणारी माणसं नुसतंच 'माकणी' म्हणतात. 'आज माकणी आली नाही' असं त्या बाजूची एखादी बाई म्हणाली, तर गाव कुठं गेलं अशी चौकशी करायची नसते. नळ आलेला नाही, एवढंच.

किनारा मिळाला म्हणून कुणी एकदम दर्यावर्दी होत नाही. आमचा किनारा एका जागी राहतही नाही. पावसाळ्यात पाणी वर चढतं, आणि दिवाळी झाली की पुढचे सात-आठ महिने हळूहळू मागं सरकत जातं. अशा धरणांच्या बुडीत जमिनीत पाणी जसजसं हटतं तसतसे लोक मागोमाग पेरत जातात. त्याला गाळपेर म्हणतात. किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करण्याची चैन आम्हाला परवडत नाही, हरभरा होतो तिथं किल्ला कशाला? उन्हाळ्यात तळ उघडा पडला की ट्रॅक्टर उतरतात आणि गाळ भरून रानात टाकतात. समुद्राची ओहोटी सहा तासांची, आमची जवळजवळ आठ महिन्यांची. भरतीचं मात्र विचारू नका. ती कधी परतीच्या पावसात एका रात्रीत येते आणि पहाटे दरवाजे उघडल्याचे भोंगे ऐकू येतात. कधी येतच नाही.

त्यामुळे पाण्याकडे बघण्याची आमची रीत वेगळी. आमच्या भागात पाण्याचं वर्णन निळंशार, अथांग, खळाळतं असं कुणी करत नाही. पाणी टक्क्यांत असतं. आषाढापासून माणूस भेटला की रामराम झाल्यावर दुसरा प्रश्न, "किती झालं?" कशाचं ते सांगावं लागत नाही. वर्तमानपत्रात जायकवाडी, मांजरा, सीना-कोळेगाव, निम्न तेरणा अशी ओळीनं टक्केवारी येते आणि ती आधी वाचून मग लोक निधन वार्तांकडे वळतात. तीस टक्क्यांवर चर्चा सुरू होते, साठाला माणूस जरा सैल बसतो, नव्वदीला पोरांचे फोटो काढायला गाड्या येतात. शंभर झाले की गावातले पुढारी साडीचोळी आणि नारळ घेऊन जलपूजनाला हजर. एकाच धरणाचं जलपूजन एकाच हंगामात दोन पक्षांकडून झाल्याचंही आम्ही पाहिलं आहे. पाण्यानं दोन्ही नारळ घेतले.

आमच्या घरात या विद्येचे अधिकारी म्हणजे तात्या. तात्या माझे चुलते. आयुष्यभर कालव्यावर मोजणीदार होते. कुणाच्या रानाला किती पाणी गेलं ते मोजायचं आणि वहीत मांडायचं, हे काम. निवृत्त झाले तरी मोजणं सुटलेलं नाही. लग्नात पंगतीला वाढपी पाणी ओततो तेव्हासुद्धा तात्यांची नजर जगावर असते. टक्केवारी ऐकून हुरळणाऱ्यांना ते नेहमी समजावतात की हा टक्का जिवंत साठ्याचा आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे १२१ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत ९१. उरलेला मृतसाठा, म्हणजे विमोचकाच्याही खालचा, कालव्यात न चढणारा. धरण शून्य टक्के झालं म्हणजे पाणी संपलं असं नव्हे. "शून्याच्या खाली बी माणूस जगतंय," असं तात्या म्हणतात. हे त्यांचं तत्त्वज्ञान नव्हे, २०१६ चा अनुभव आहे. त्या साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं होतं. समुद्र नसलेल्या मुलखात पाण्यासाठी रूळ असतात.

या पाण्याबद्दल एक गोष्ट हलक्या आवाजात सांगितली जाते. धरण झाल्यावर चार वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपली होती तेव्हा किल्लारी-सास्तूरची जमीन हलली आणि हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. धरणातल्या पाण्याच्या भाराचा त्याच्याशी काही संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांनी बराच वाद घातला. आमच्याकडच्या बायाबापड्यांनी वाद घातला नाही. पण पुढची बरीच वर्षं धरण भरलं की त्या आनंदानं बघायच्या आणि रात्री अंगणात झोपायच्या. आता किल्लारी आणि आसपासची खेडी याच धरणाचं पाणी पितात.

तर सांगायचं होतं समुद्राचं. तात्या समुद्राच्या वाटेला गेले ते माकणीमुळे नाही, तेरमुळे.

तेर हे गाव आमच्याच तेरणेच्या वरच्या अंगाला आहे. तात्या माळकरी. गोरोबाकाकांच्या दर्शनाला ते तेरला जायचे आणि दर्शन घेऊन सरळ परत यायचे. एकदा परतीच्या एसटीला उशीर होता म्हणून ते तिथल्या लामतुरे संग्रहालयात शिरले, सावली होती म्हणून. आत हस्तिदंताची एक लहानशी बाहुली आहे. तिच्या जातीची दुसरी बाहुली १९३८ मध्ये इटलीत सापडली, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात. दोन हजार वर्षांपूर्वी या तेरणाकाठाचा आणि रोमन मुलखाचा व्यवहार होता, हे ऐकून तात्या बाहेर आले ते वेगळेच होऊन. त्यांची एसटी चुकली, पण त्याचं दुःख त्यांनी केलं नाही.

पुढे त्यांनी मिळेल ते वाचून काढलं. पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' नावाची. तिच्यात तगर नावाचं मोठं शहर येतं, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायची. हे तगर कुठलं यावर पूर्वी पंडितांनी बरीच गावं सुचवली. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लीट नावाच्या साहेबानं तगर म्हणजे आपलं तेर असं सांगितलं आणि ते मान्य झालं. तात्यांना मात्र त्या ग्रंथातलं एकच वाक्य फार आवडतं. तगरच्या बाजारात समुद्रकाठचाही माल येत असे, असं त्यात आहे. म्हणजे समुद्र आमच्याकडे येत होता. आम्ही जायची गरज नव्हती!

यातली गंमत अशी की तेरणेचं पाणी पश्चिमेला जातच नाही. माल तिकडे जायचा, पाणी इकडे येतं. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा बिदरकडून तेलंगणात उतरते, तिथं सिंगूरचं धरण, मग निजामसागर. त्यातून सुटली तर कंदकुर्तीला गोदावरीत, पुढं श्रीरामसागर, आणखी बंधारे, मग सर आर्थर कॉटननं १८५२ मध्ये बांधलेलं धवळेश्वरम्‌चं आणिकट होतं त्या जागी आता नवा बंधारा. एवढ्या ठिकाणी हजेरी लावून उरलेला थेंब बंगालच्या उपसागरात. माकणीचा थेंब समुद्रापर्यंत पोचलाच तर त्याच्या अंगावर इतक्या खात्यांचे शिक्के असतील की समुद्रानं त्याला खारट करायचं राहून जाईल.

पण तात्यांचा खरा शोध पुढेच होता. कोकणावर एके काळी शिलाहारांचं राज्य होतं. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. ठाण्याचे शिलाहार आणि कोल्हापूरचे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला मोठ्या दिमाखानं 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी. राज्य करायचं समुद्राकाठी आणि मोठेपणा सांगायचा तेरचा! तेर तेव्हा त्यांच्या ताब्यात होतं असंही नाही. घराणं मूळचं तिकडचं, एवढाच दावा. पुण्यात चार पिढ्या काढून 'आम्ही मूळचे अमक्या गावचे' असं पाटीवर लिहिणारी माणसं असतात, त्यांना हे लगेच समजेल.

"म्हंजे कोकणचे राजे आपल्या नदीचे," तात्या म्हणाले. "अन्‌ आपण कोकण बघितलं न्हाई. शोभतंय का हे?"

कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस विजयदुर्ग बांधला असं मानतात. म्हणून जायचं ठरलं ते विजयदुर्गला. पुतण्या म्हणून मी बरोबर, आणि काकू, कारण तात्यांच्या गोळ्या त्यांच्या बटव्यात असतात. शिदोरीला धपाटे, शेंगाची चटणी आणि घरचं पाणी, तेही चांगलं वीस लिटरच्या कॅनमध्ये. समुद्रावर पाणी घेऊन निघालेलं आमचं बहुधा पहिलंच कुटुंब असेल. पण काकूंचं म्हणणं, तिथलं खारट असतंय म्हणतात, आणि त्यात चूक काय होतं?

सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत गाडी गगनबावड्याचा घाट उतरली. कोल्हापुरात तात्यांनी खिद्रापूरचं, पन्हाळ्याचं नाव काढून हे सगळं एका दृष्टीनं आपलंच आहे असं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर लोहाऱ्याचा होता. त्यानं हरकत घेतली नाही. वैभववाडी, तळेरे मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हापूसच्या बागा आणि जांभा दगडाचे गडगे सुरू झाले. तांबडी माती बघून काकूंनी विचारलं, "हिकडं विटाच्या भट्ट्या लई हायत व्हय?"

विजयदुर्ग हे देवगड तालुक्याच्या टोकाचं लहानसं गाव आहे. वाघोटनची खाडी समुद्राला मिळते तिथं तोंडावरच किल्ला. एक बाजारपेठ, एसटीचं आगार, जेटी, मागं वाड्या. एवढ्याशा गावाला स्वतःचं आगार आहे याचं माकणीकराला किती अप्रूप वाटतं ते जिथं तालुक्याच्या गाडीसाठी फाट्यावर उभं राहावं लागतं तिथल्यांनाच कळेल. आम्ही उतरलो ते एका घरगुती निवासात. मालक मासेमारीतले, होडी असलेले, पन्नाशीतले. त्यांनी स्वागतालाच विचारलं, "खंयसून इलात?"

"माकणी."

"ह्यां खंय इला?"

तात्यांनी धाराशिव, लोहारा, तेरणा, सगळा पत्ता सांगितला. मालकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी मी तुळजापूर म्हणालो तेव्हा त्यांनी हात जोडले आणि चहा आला.

चहा घेऊन आम्ही जेटीवर गेलो. समोर समुद्र. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला, पाच रुपये टाकले. तात्या मात्र काही बोलेनात. डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे. मला वाटलं भारावले. माणसं समुद्र पहिल्यांदा बघून गप्प होतात, असं पुस्तकांत असतं.

"काय बघूलालाव तात्या?"

"पाळू," ते म्हणाले. "पलीकडची पाळू दिसंना."

मालक बरोबर आले होते. त्यांना वाटलं पाहुण्यांना काही हवं आहे. तात्यांनी त्यांना सरळच विचारलं, "आत्ता किती भरलाय म्हणावं ह्यो? टक्क्यात?"

मालकांनी आयुष्यात पुष्कळ पर्यटक पाहिले असतील. डॉल्फिन कधी दिसतात, नेटवर्क कुठं मिळतं, इथं आधी कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं, हे प्रश्न त्यांच्या सवयीचे. हा नवीन होता. पण ते गंभीरपणे म्हणाले, "आता सुकती आसा. दोनपारनंतर भरती येतली. मगे भरतलो."

"रोज?"

"दिवसाक दोनदा."

तात्या खाली कठड्यावर बसले. दिवसातून दोनदा भरणारं पाणी! ना दुष्काळाची आणेवारी, ना कालवा सल्लागार समितीची बैठक, ना जलपूजनाचा मांडव. गेलेलं पाणी न मागता परत येतं. मोजणीदाराची सगळी हयात ज्या धास्तीवर उभी होती ती इथं कुणाच्या गावीच नव्हती. मला वाटलं त्यांना आनंद होईल. उलट ते जरा नाराज दिसले. "असल्या पाण्याची किंमत काय राहणार माणसाला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किल्ला. तीन तटांचा, पूर्वी चहूबाजूंनी पाण्यात असलेला, आता जमिनीकडून वाट असलेला. जवळच्या गिर्ये गावावरून याला घेरिया म्हणायचे. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला तेव्हा विजय नाव संवत्सर होतं, म्हणून विजयदुर्ग. पुढे आंग्र्यांच्या काळात या खाडीतून निघालेली गलबतं दिसली की इंग्रज, डच, पोर्तुगीज अशा सगळ्यांनाच घाम फुटायचा. खाडीत आत खडकात खोदलेली त्यांची गोदी अजून दाखवतात. १७५६ च्या फेब्रुवारीत मात्र नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला इंग्रजांनाच बोलावलं. समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीकडून पेशव्यांची फौज. तोफेचा गोळा एका जहाजावर पडला, एकाला एक बांधलेली होती, त्यामुळे आंग्र्यांचं सबंध आरमार खाडीतच जळालं. मराठ्यांच्या सगळ्यांत मोठ्या आरमारी ताकदीचा निकाल असा मराठ्यांच्याच साक्षीनं लागला. किल्ला नंतर पेशव्यांना परत मिळाला, बाणकोट देऊन. जहाजं काही परत मिळाली नाहीत.

हे ऐकून तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरच्यानं खालच्याचं पाणी तोडायचं, ही रीत जुनीच हाय की." मराठवाड्यातल्या माणसाला इतिहास समजावून सांगावा लागत नाही. उदाहरण नाशिक-नगरच्या धरणांचं द्यावं लागतं.

किल्ल्यात त्यांनी दारूकोठार पाहिलं, सदर पाहिली, खूबलढा बुरूज पाहिला, पण रमले ते आतल्या गोड्या पाण्याच्या तलावापाशी. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये पावसाचं साठवलेलं पाणी. इथं ते पहिल्यांदा घरी आल्यासारखे दिसले. पावलांनी लांबी-रुंदी मोजली, खोली अदमासली, आणि किती माणसांना किती महिने पुरेल याचा हिशेब काढला. वेढ्याच्या वेळी गडावर किती लोक असतील हे मालकांना विचारलं. त्यांना तो आकडा माहीत नव्हता, आणि तात्यांच्या हिशेबात त्यामुळे एक रकाना रिकामा राहिला.

'साहेबाचे ओटे' हे तिथलं दुसरं आकर्षण. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्या ग्रहणात सूर्यावर हेलियम वायूची रेघ प्रथम दिसली आणि ती इथून दिसली, असं गावात अभिमानानं सांगतात. दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रमही होतो. खरं म्हणजे ज्या लॉकियर साहेबांचं नाव घेतात ते तेव्हा इंग्लंडात होते, आणि ग्रहणातलं गाजलेलं निरीक्षण जान्सेन या फ्रेंच माणसानं केलं ते गुंटूरहून. होय, निजामाच्या हातून सुटलेल्या त्याच गुंटूरहून. मी हे हळूच तात्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मला गप्प केलं. "त्यांचा सूर्य हाय, त्यांच्याकडं राहू दे. आपण राजे आपले म्हणून सांगूलालाव, ते ऐकून घेतलं न्हाई का त्यांनी?" ताम्रपट हाती असलेल्या माणसाला असलं औदार्य परवडतं.

आणि मग ती भिंत. किल्ल्यापासून समुद्रात थोडं आत, पाण्याखाली, दगडाची शे-सव्वाशे मीटर लांब भिंत आहे असं मालकांनी सांगितलं. चाल करून येणारी मोठी जहाजं बुडाशी तिच्यावर आदळायची आणि फुटायची, आपल्या उथळ बुडाच्या होड्या वरून सुखरूप जायच्या, अशी तिची ख्याती. तात्या उभे राहिले. मला म्हणाले, "बघ. काल म्हटलं का न्हाई? एवढं पाणी हाय म्हंजे पाळू असणारच. बुडलेली हाय, एवढंच." त्या क्षणापासून समुद्राशी त्यांचं जमलं. मालकांना त्यांनी सांडवा कुठल्या बाजूला असेल हेही विचारून घेतलं.

जेवणाचा घोळ झाला. काकूंना आणि तात्यांना मासळी चालत नाही, माळ आहे. समुद्रापर्यंत येऊन माणूस काळ्या वाटाण्याची उसळ खातो हे मालकीणबाईंना बघवेना. त्या आतून दर पाच मिनिटांनी काहीतरी बिनमाशाचं आणून वाढत होत्या, आमसुलाची सोलकढी, फणसाची भाजी, घावणे. तात्यांना सोलकढी आवडली, त्यांनी ती मोजून तीन वाट्या घेतली. मी सुरमई खाल्ली, पण तात्यांकडे पाठ करून. जेवताना मालकांनी सहज सांगितलं की एप्रिल-मे आला की इकडच्या वरच्या वाड्यांतल्या विहिरी आटतात आणि टँकर येतो.

तात्यांचा घास हातातच राहिला. "टँकर? हितं?"

"येता मगे."

पाऊस किती पडतो ते तात्यांनी विचारलं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आमच्या चौपट. सगळा कातळावरून वाहून समुद्रात. समोर एवढा समुद्र, आणि बाई टँकरपाशी घागर घेऊन उभी! मग तिथून पुढे दोघांचं जे सूत जुळलं ते रात्री अकरापर्यंत. टँकरची पाळी, दोन हजार लिटरचा आणि दहा हजारचा, विहिरीत ओतलेलं पाणी आणि त्यावर होणारी भांडणं, कुणाच्या दारात आधी थांबला. मालवणी आणि मराठवाडी या दोन बोलींना इतका नेमका समान शब्दसंग्रह असेल असं मला वाटलं नव्हतं. काकूंनी आणि मालकीणबाईंनी तर त्यात आपापल्या सासवा मिळवल्या.

निघताना मालकांनी विचारलं, "तुमच्या गावात बघूसारख्या काय आसा?"

तात्यांनी माकणीचे चौदा दरवाजे सांगितले. तेरचं विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ आणि गोरोबाकाकांची समाधी सांगितली. नळदुर्गाचा पाणीमहाल सांगितला. १६१३ मध्ये बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात ती खोली आहे, डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आत बसलेल्याचं धोतर भिजत नाही. मालकांचे डोळे लकाकले. येतो म्हणाले.

तेव्हापासून फोनवर तारीख ठरते आहे. तात्यांचं म्हणणं सप्टेंबरात या, धरण भरलेलं असतं, दैव असलं तर दरवाजे उघडलेले दिसतील. पण सप्टेंबरात गणपती. गणपतीत कोकणातला माणूस घर सोडून जाईल हे शक्य नाही. बरं, पुढे नवरात्रात या, तुळजापूर होईल. तर तेव्हा होडी ऐन धंद्यात असते. दिवाळीत त्यांच्याकडे पुण्या-मुंबईचे पर्यटक. मे महिन्यात ते आंब्याची पेटी घेऊन यायला तयार आहेत, तर तेव्हा पाणी दाखवावं असं आमच्याकडे काही उरत नाही. मालक मोकळे असतात ते जून-जुलैत, सरकारी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत. आणि नेमकं त्याच वेळी धरण तळाला गेलेलं असतं, मृतसाठ्यावर.

हे तात्यांनी त्यांना परवा फोनवर जरा संकोचानंच सांगितलं. घरी पाहुणा यायचा आणि धरण शून्यावर, म्हणजे लाज.

"पाणी नाय तर नाय," पलीकडून मालक म्हणाले. "तळ दाखवा. समुद्राचो तळ माका कोण दाखवतलो?"

तात्यांना हे पटलं. सध्या ते विजयदुर्ग आगारातून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक मिळवण्याच्या मागे आहेत, आणि काकूंनी दोन जास्तीचे रांजण घासून ठेवले आहेत.